लाइलच्या नॅरोगेजचा मुहूर्त

लाइल ब्रेकी आमच्या टिंबर फोर्क गावात केस कापायचा. पण त्याचं मन रमायचं ते खुर्चीत अडकलेल्या माणसाला नॅरोगेजची मॉडेल रेल्वे कशी सुरू करावी हे शिकवण्यात. गळ्याभोवती कापड, कानाशी वस्तरा. ऐकण्यावाचून गत्यंतर नसे.

"घाईनं रूळ टाकलेस वॉल्ट, की जन्मभर पस्तावशील," असं तो मला बजावायचा. माझं हार्डवेअरचं दुकान. रूळ टाकायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्याचे वडील डोंगरातल्या अरुंद लाइनवर ब्रेकमन होते, डब्यांचे ब्रेक आवळायचे. ती लाइन उखडली गेली, तेव्हापासून ती जशीच्या तशी आपल्या तळघरात उभी करायचं लाइलनं मनावर घेतलं होतं. मनावरच घेतलं होतं. खाली भलंमोठं टेबल होतं, कोरं करकरीत. फळीवर इंजिनांची खोकी होती, न उघडलेली. नकाशे तेवढे दर हिवाळ्यात नव्यानं काढले जायचे. तरी आमच्या रेल्वे क्लबचा अध्यक्ष तोच. आमच्यापैकी कुणीच काही बांधलेलं नव्हतं, त्यामुळे निवडणुकीत चुरस नसायची.

त्या जानेवारीत स्वतःच्याच दुकानासमोरच्या बर्फावर लाइल घसरला आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्याला वरच्या खोलीत निजवलं.

त्याची बायको नेड्रा शाळेची बस चालवायची. एके दिवशी ती माझ्याकडे आली.

"बारीक खिळे दे. आणि लाइलला सांगितलंस तर बघ!"

चर्चच्या सेलमध्ये तिनं जुन्या खेळण्यातले रूळ उचलले होते. डॉक्टरकडून उरलेल्या प्लास्टरच्या पट्ट्याही आणल्या होत्या; नवऱ्याचा पाय बांधून झाला, आता डोंगर.

मग वरून हाका सुरू झाल्या.

"नेड्रा, खाली कसली घरघर?"

"फ्रीझर."

"फ्रीझर शिट्टी मारतो?"

"जुना झालाय. तुझ्यासारखाच."

आम्ही क्लबवाले त्याच्या तब्येतीची चौकशी करायला जायचो. दारात नेड्रा हिरव्या मिरचीच्या रश्श्याचा वाडगा हातात द्यायची आणि आम्ही थेट तळघरात उतरायचो. अध्यक्षांची चौकशी जाता जाता, कोट घालताना.

शेवटी लाइलला राहवलं नाही. एका रविवारी तो बसल्या बसल्या, पायरी पायरीनं घसरत खाली आला. त्याचं सर्वांत महागाचं इंजिन खोक्याबाहेर होतं आणि पांढऱ्याशुभ्र डोंगराला वळसा घालत होतं.

"हे रूळ चुकलेत," तो म्हणाला. "खरी लाइन तीन फूट रुंद होती. इंजिन बसलं म्हणून काय झालं, डब्यांच्या मापानं मोठी करून पाहिली तर ही अडीचच फुटी होते. अर्ध्या फुटाचा फरक आहे, नेड्रा!"

"अख्खा डबा वीतभर नाही, त्यात अर्धा फूट कुठून आणलास?"

"उखड सगळं."

तिनं पक्कड त्याच्या हातात ठेवली. "तूच उखड. मला पोरांची बस धुवायची आहे."

ती खरंच निघून गेली. लाइलनं एक खिळा उपटला. मग थांबला. तिथला सांधा वाकडा होता, डबा तिथंच अडखळत होता. उपटायच्या आधी सरळ तरी करावा, असं काहीतरी तो पुटपुटला. सांधा सरळ झाला. मग पुढचा वाकडा दिसला. अंधार पडला तेव्हा तो प्लास्टरचा पाय खुर्चीवर टाकून टेबलावर ओणवा झाला होता आणि आम्हाला म्हणत होता, "बघत काय बसलात? गोंद आणा!" वडील वारले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी इंजिन एक फेरी न अडखळता फिरलं आणि त्यानं चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातलाच नाही.

वसंत येईपर्यंत टेबलावर स्टेशन, पूल, गुरांचा गोठा, सगळं उभं राहिलं. रूळ अडीच फुटीच राहिले. लाइलनं तिथं 'तात्पुरती सोय' अशी पाटी लावली.

नेड्राचा मात्र त्यातला रस तोवर आटला होता. लाइल हाक मारायचा, "अगं, बोगदा बघायला ये!" ती वरूनच ओरडायची, "बोगदाच ना? अंधार असेल!" मे महिन्यात ती बहिणीकडे प्वेब्लोला गेली आणि नाचाच्या क्लासात नाव घालून आली. ती पहिल्यांदा नाचायला गेली त्या संध्याकाळी आम्ही तळघरात बसून, रश्श्याऐवजी, लाइलनं करपवलेले राजमे खाल्ले.