पिवळ्या रेघेवरची गाडी

पाववालीला लहानपणापासून एक खोड होती. ‘असंच असतं’ हे उत्तर तिच्या घशाखाली उतरायचं नाही. सुताराचं स्थळ आलं तेव्हा घरचे सगळे त्याची मिळकत विचारत होते, आणि हिने विचारलं, “लाकडाला गाठ का पडते हो?” गडी खुशीत आला. फांदी कशी फुटते, झाड वाढता वाढता तिला पोटात कसं घेतं, हे त्याने समोरचा चहा गार होईपर्यंत सांगितलं. तिथंच जमलं. पुढं संसारात याच खोडीपायी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तक्रार कुणाकडं करणार? माल बघून घेतलेला.

तिचं काम पाव पोचवायचं. पहाटे बेकरीत क्रेट भरायचे आणि खालच्या अंगाची दुकानं, खानावळी, शाळेचं कँटीन अशी लाइन फिरून यायची. गाडी स्वतःची, नवी, वॉरंटीतली. मागच्या पोटात सुताराने क्रेट ठेवायला लाकडी मांडणी करून दिलेली.

एके दिवशी कचऱ्याच्या गाडीवाल्याने मागं घेता घेता हिच्या गाडीला धक्का दिला. धक्का तरी कसला, म्हशीने शिंग खाजवावं तेवढा. मागच्या दाराला परातीएवढा पोचा आला आणि आतली मांडणी खिळखिळी झाली. कंपनीच्या वर्कशॉपने दार ठोकून, रंगवून दिलं, पैसे विम्याने भरले, सुताराने घरी मांडणी पुन्हा पक्की केली. झालं गेलं गंगेला मिळालं, असं सगळ्यांना वाटलं.

आठवडाही गेला नसेल, गाडी भर चौकात ठप्प. पोटात गरम पाव, मागं भोंग्यांचा कल्लोळ. धक्का मारून कडेला घेतली, बेकरीवाल्याने दुसरी गाडी पाठवली, क्रेट तिच्यात गेले. हिने वैतागून किल्ली फिरवली तर गाडी सुरू, जसं काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी तोच तमाशा. तिसऱ्या वेळी हिने गाडी नेऊन वर्कशॉपच्या दारात उभी केली.

त्या वर्कशॉपच्या फरशीवर मधोमध एक पिवळी रेघ होती. रेघेच्या अलीकडं इंजिनवाले, पलीकडं पत्रावाले. अलीकडं राज्य फोरमनचं. पलीकडं पोचे काढणाऱ्या डेंटरचं, त्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण त्याचं पोट त्याच्या आधी कामाला पोचायचं. या रेघेवरून पाना उसना गेला तरी दोन दिवस कुरबुर चालायची.

“दुसरीकडं कुठं गाडीचं काम केलंत का, ताई?” फोरमनने विचारलं.

“छे.”

“मग ठोकरीनेच आत कुठं वायर दुखावली असणार. म्हणजे हे अपघाताचं. वॉरंटीत बसत नाही. पलीकडं न्या.”

पैलवानाने गाडीभोवती एक चक्कर मारली. “ठोकर लागली मागच्या दाराला आणि बंद पडतंय पुढचं इंजिन. ढुंगणाला काटा टोचला म्हणून दात दुखतो का कधी? हे कंपनीचं पाप. अलीकडंच ठेवा.”

विम्याचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, पैलवानाचं खरं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, फोरमनचं खरं, तरी फोटो पाठवा. फोटो गेले, उत्तर आलं नाही. इकडून तिकडं ढकलता ढकलता गाडी शेवटी रेघेवरच अडकली. पुढची चाकं फोरमनच्या राज्यात, मागची पैलवानाच्या. आपल्या हद्दीतली नाही म्हणून कुणी तिला हात लावेना. बॉनेटवर मात्र दोन्हीकडचे चहाचे ग्लास सुखाने नांदत होते.

बेकरीवाल्याने तिच्या लाइनवर आपल्या भाच्याला घातलं होतं. तिने जाऊन विचारलं तर बेकरीवाला पीठ झटकत म्हणाला, “तुझ्यावर राग नाही गं बाई. पण दुकानदार माझ्या नावाने बोंबलतात. गाडी सुरू झाली म्हणून येऊ नकोस. का बंद पडत होती ते कळलं, की ये. कारण न कळलेली गाडी म्हणजे दारुड्याचं वचन.”

“आणि कळायला वेळ लागला तर?”

“महिनाअखेरीपर्यंत वाट बघतो. मग लाइन भाच्याची.”

एकदा दुसऱ्याच्या हाती गेलेली लाइन परत मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती रोज सकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन बसू लागली. कुठल्याशा गाडीचं काढून ठेवलेलं सीट भिंतीला होतं, ती तिची बैठक झाली. बसल्या बसल्या प्रश्न. ही नळी कशाची? हिच्यात हवा शिरली तर? थंडीने बंद पडते का? चढावर? आधी फोरमन तिला टाळायचा, मग उत्तरं द्यायला लागला, कारण इतक्या वर्षांत त्याला कुणी ‘कधी मिळणार’ सोडून दुसरं काही विचारलंच नव्हतं.

शेवटी हद्द विसरून त्याने गाडी तपासायला घेतली आणि एका सकाळी हसत तिच्या हातात किल्ली ठेवली. “घेऊन जा, ताई. चार वेळा चालवून बघितली. दोष नाही.”

किल्ली हातात आल्यावर तिची बोटं आपोआप मिटली. बसून बसून अंग आंबलं होतं. घरात सुताराच्या एकट्याच्या कमाईवर चाललं होतं आणि तो ते बोलून दाखवत नव्हता, हे जास्त लागत होतं. जावं घेऊन, बेकरीवाल्याला काहीतरी थाप मारावी, असंही तिच्या मनात आलं.

“मग बंद का पडत होती?” तिने विचारलं.

“पडत असेल काहीतरी. मशीन आहे. असतं असं.”

झालं. तिने किल्ली परत त्याच्या खिशात टाकली. “तुम्ही चालवून बघता म्हणजे कुठं नेता?”

“पाण्याच्या टाकीपर्यंत. सगळ्याच गाड्या तिथवर नेतो.”

“रिकामी?”

“मग काय, वरात घेऊन जाऊ?”

पलीकडं पैलवान खो खो हसला. ती हसली नाही. ती मनाशी काहीतरी जुळवत होती. “रिकामी माझ्या हातीही कधी बंद पडली नाही. लाइन संपवून परत येताना एकदाही नाही. बंद पडली ती जातानाच, पाव भरलेला असताना.”

फोरमनने डोकं खाजवलं. “पावाला वजन ते किती?”

“पावाला नसेल, क्रेटला आहे. भरून बघू.”

क्रेट तर भाच्याकडं. मग भरायचं काय? जुन्या बॅटऱ्या फोरमनच्या होत्या, रंगाचे डबे पैलवानाचे, आणि एकमेकांचं सामान एका गाडीत घालायला दोघेही तयार होईनात. शेवटी तीच म्हणाली, “सामान राहू द्या. माणसंच चढा.”

असं त्या वर्कशॉपमध्ये कधी झालं नव्हतं. इंजिनवाले आणि पत्रावाले मागच्या पोटात मांडीला मांडी लावून बसले. पैलवान शेवटी चढला तेव्हा गाडी खाली बसली आणि आतून कुणीतरी ओरडलं, “अरे, माझा पाय!” फोरमन चालवायला, ती शेजारी. फाटकातून निघाले, टाकीच्या अलीकडचं वळण आलं, सगळी माणसं मांडणीवर कलंडली आणि गाडीने मान टाकली.

“पडली!” पाववाली इतकी खूश झाली की फोरमन तिच्याकडं बघतच राहिला. एवढ्या वर्षांत बंद पडलेल्या गाडीचा आनंद झालेलं गिऱ्हाईक त्याने बघितलं नव्हतं.

सगळे उतरले. किल्ली फिरवली, गाडी सुरू. सगळे चढले, तरी सुरूच. मग एकेक करून बघायचं ठरलं. रस्त्याने जाणारे थांबून बघू लागले. फोरमन चढून मांडणीला रेलला, काही नाही. पैलवानाच्या हाताखालचा रंगवाला रेलला, काही नाही. पैलवान चढला, मधोमध उभा राहिला, काही नाही. पैलवान डाव्या अंगाला मांडणीला पाठ टेकून बसला आणि इंजिन गप.

“गाडीचं सोडा,” रंगवाला म्हणाला, “याचा भार घरच्या खाटेलाही सोसत नाही.”

“तुझ्या तोंडाचा भार कसा सोसतो ते माझ्या कानांना विचार,” पैलवान आतूनच म्हणाला. पण त्याचं लक्ष मागं होतं. त्याने पाठ काढली, पुन्हा टेकली. “इथं. इथंच कुठंतरी घोडं पेंड खातंय.”

वर्कशॉपमध्ये आणून मांडणी थोडी सैल केली. तिच्यामागचा पत्रा पैलवानाने उचकटला, फोरमनने बॅटरीचा झोत टाकला आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. एक लांबलचक स्क्रू मांडणीतून पत्रा भेदून आत गेला होता आणि मागं इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाकडं जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याला टोक लावून बसला होता. मांडणीवर भार आला की टोक आत रुतायचं, पंप बंद. भार गेला की माघार.

“हा स्क्रू आमचा नाही,” फोरमन म्हणाला.

“आमचाही नाही,” पैलवान म्हणाला.

पाववालीने वाकून बघितलं. पितळी डोक्याचा. असले स्क्रू घरी डबाभर होते. “आमचा आहे,” ती म्हणाली. “नवऱ्याने मांडणी पक्की केली त्यातला.”

“ताई, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दुसरीकडं काम केलंत का. तुम्ही छे म्हणालात.”

“गाडीचं काम कुठं केलं? मांडणी ठोकली.”

तिचं खरंच होतं. तिच्या घरात सुताराने ठोकलेलं कधी कामात धरलं जात नसे. दाराची कडी, शिडीचा पाय, शेजारणीचं कपाट, येता जाता हातोडा चालायचा आणि कुणी मोजायचं नाही. ती मांडणी तिच्या लेखी गाडीचा भाग नव्हतीच, घराचा तुकडा होता, गाडीत ठेवलेला.

फोरमन आणि पैलवान एकमेकांकडं बघत होते. वॉरंटीही नाही, अपघातही नाही. रेघेच्या या बाजूने आणि त्या बाजूने दोन हात वर गेले आणि अशी टाळी वाजली की काउंटरवरची मुलगी धावत आली. मग नवा प्रश्न. दुरुस्त कुणी करायची? पत्र्यामागची वायर पत्र्याची की इंजिनाची? पाववालीने दोघांकडं नुसतं बघितलं. पैलवानाने पत्रा धरून ठेवला, फोरमनने वायर जोडली. जेवायच्या सुट्टीआधी गाडी तयार.

सुताराने घरी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “शक्यच नाही.”

तिने स्क्रू त्याच्यासमोर ठेवला. “एवढा लांब कशाला घातलास?”

“पुन्हा हलता कामा नये, असं कोण म्हणालं होतं?”

“मी म्हणाले. पण पत्र्यामागं काय आहे बघितलंस का?”

“भिंतीत खिळा मारताना पलीकडं कोण झोपलंय हे बघतो का मी?” त्याने स्क्रू उचलला, बोटाने मापला, खाली ठेवला. मग म्हणाला, “पत्राच पातळ आहे. कंपनीने जाड घालायला हवा होता. हे वॉरंटीत बसतं.”

ती इतकी हसली की त्यालाही हसू आवरेना. पण संध्याकाळी तो बॅटरी घेऊन गाडीत शिरला आणि आखूड स्क्रूने मांडणी बसवायला घेतली. तास होऊन गेला तरी बाहेर येईना. बघते तर पत्र्याच्या फटीत डोळा लावून पालथा. “ही निळी वायर कुठं जाते गं?” आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ती बेकरीवाल्यासमोर उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

“म्हणजे दोष कुणाचा धरू?” त्याने विचारलं.

“धक्का कचरागाडीचा, हट्ट माझा, स्क्रू नवऱ्याचा. वाटून घ्या.”

“आणि पुन्हा बंद पडली तर?”

“या कारणाने पडणार नाही. दुसऱ्या कारणाने पडली तर तेही शोधीन.”

बेकरीवाल्याने मागं वळून भाच्याला हाक मारली. पहाटे उठून त्या पोराचे डोळे सुपारीएवढे झाले होते. बेकरीच्या किल्ल्यांचा जुडगा देताना त्याने तिला जवळजवळ नमस्कारच केला. “लाइन घे,” बेकरीवाला म्हणाला, “पण तिला भोक पडलंय. शाळेचं कँटीन गेलं. वेळेवर पाव मिळेना, तर त्यांनी दुसरी बेकरी धरली. ते काही परत येत नाही.”

पहिल्या पहाटे चौक आला तसे तिचे कान इंजिनाकडं लागले. गाडी गुमान पुढं गेली. प्रत्येक दुकानात तेच, “काय झालं होतं गाडीला?” आणि प्रत्येक ठिकाणी पैलवान पाठ टेकून बसतो तिथवर गोष्ट आली की गिऱ्हाईक पाव विसरून ऐकत राहायचं.

शाळेचं कँटीन वाटेवरच होतं. थांबायचं काही कारण नव्हतं, तरी तिने गाडी थांबवली. दाराशी दुसऱ्या बेकरीचे क्रेट रचलेले. कँटीनवाल्या बाईला अवघडल्यासारखं झालं. “तुझ्याशी काही नाही गं, पण मुलं उपाशी राहायची...”

“ते जाऊ द्या. त्यांचा एक पाव द्या मला. विकत.”

तिने पाव हातात घेऊन दाबला, सोडला, पुन्हा फुगतो का बघितलं. वास घेतला. मग मोडून एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे बारीक करून चघळत राहिली.

“मऊ आहे,” ती म्हणाली. “दुपारपर्यंत असाच राहतो?”

“राहतो खरा.”

“का राहतो?”

“मला काय ठाऊक बाई. असंच असतं त्यांचं.”

पाववालीने उरलेला पाव कागदात गुंडाळला आणि बेकरीवाल्याला दाखवायला शेजारच्या सीटवर ठेवून दिला.