हौद्यातली ऐरण

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा ओरेस्ट हा आयुष्यभर नालबंद. सस्कॅचेवानच्या आमच्या सपाट मुलुखात ज्याच्याकडे घोडा, त्याच्याकडे ओरेस्टचं येणं-जाणं. माणूस मनाने सोन्यासारखा, पण हट्टी इतका की लाथ मारणारी घोडीही त्याच्यापुढे शहाणी वाटावी. आमचं दोघांचं कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून करमलंही नाही.

माझी बहीण लेसिया त्याच्यावर भाळली ती जत्रेत. पैज लावून त्याने आपली ऐरण छातीशी धरली आणि अख्ख्या मैदानाला फेरी मारली. पंचाहत्तर किलोची ऐरण! मी तेव्हाच म्हटलं होतं, "जो ऐरणीला कडेवर घेऊन फिरतो, त्याच्या डोक्यात काय असणार, लेसिया?" ती हसली आणि तिने त्याच्याशीच लग्न केलं. पुढे तीच ऐरण त्याच्या पिकअपच्या हौद्यात असायची. तबेल्यापाशी उतरवायची, नाल ठोकायचे, पुन्हा चढवायची.

मग लेसियाच्या पायांतली ताकद गेली. मज्जातंतूंचा आजार, त्यावर इलाज नाही. दर उन्हाळ्यात ती दोघं ट्रेलर घेऊन उत्तरेच्या तळ्यावर जायची. गेले दोन उन्हाळे तिने तिथली पहाट ट्रेलरच्या खिडकीतूनच पाहिली, कारण ढकलायच्या खुर्चीसाठी ओरेस्टला उठवावं लागायचं आणि तिला ते नको असायचं. यंदा बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. तिने एकच गोष्ट मागितली. पहाटे कुणालाही हाक न मारता खुर्चीतून पाण्यावरच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि तिथे बसून कॉफी प्यायची. खुर्चीचा खटका फिरवायला बोटं तरी किती दिवस साथ देतील, हे डॉक्टरही सांगत नव्हते. म्हणजे हा उन्हाळा गेला की गेलाच.

निघायच्या आदल्या दिवशी मी ओरेस्टला म्हटलं, "एकदा काट्यावर नेऊन वजन कर."

"माझी गाडी साडेचार टन ओढते, दारिया. विकणाऱ्याने लिहून दिलंय."

"ओढते रे बाबा. पाठीवर किती घेते ते बघितलंस? दाराच्या कडेला चिकटवलंय. माणसं नि सामान मिळून सातशे किलो. त्यावर एक किलोही नाही."

"तू शाळेची बस चालवलीस. पोरांना वजन असतं होय?"

"तुझ्या डोक्यापेक्षा जास्त असतं."

लेसिया मध्ये पडली म्हणून तो निघाला, मी माझ्या गाडीने मागोमाग. गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापाशी गव्हाच्या ट्रकांचा मोठा काटा आहे. सुगी सुरू व्हायची होती, काटा रिकामाच होता. तो काटा सांभाळणारी टॅनिस दार उघडून बाहेर आली. ट्रेलर जोडलेलाच ठेवून तिने फक्त पिकअपची चाकं काट्यावर घेतली. आत ती दोघं, मागे हौद्यात खुर्ची.

"पावणेदोनशे किलो जास्त," टॅनिस म्हणाली.

"तुझा काटा बिघडलाय."

"गहू मोजताना बरा चालतो, तुझ्याच वेळी कसा बिघडतो? अरे, ट्रेलरचं नाक तुझ्या गाडीच्या पाठीवर बसलंय. ते, तुम्ही दोघं, खुर्ची, मागचं भंगार, सगळं त्या सातशेतच धरायचं. पाठ दबली की पुढची चाकं रस्ता सोडतात. उतारावर काय करशील?"

ओरेस्टने गाडी सुरू केली. भंगार हा शब्द त्याला लागला असावा.

घरी येऊन त्याने ट्रेलर सोडवला, कारण तो जोडलेला असला की हौद्याचा मागचा फाळका पुरता उघडत नाही. मग उतरवाउतरवी सुरू झाली. सगळ्यात आधी ट्रेलरमधून माझ्या होलुब्त्सींचा डबा बाहेर आला. "कोबीत भात भरून माझ्या ट्रेलरच्या नाकावर बसवलाय हिने!" मग नालांच्या पेट्या, भट्टी, गॅसच्या टाक्या. एकेक वस्तू वाकून, कण्हून उतरवली. मी बेरजा करत होते. तरी चाळीस किलो जास्तच राहिले आणि हौद्यात खुर्चीशेजारी राहिली ऐरण.

"आता ती काढ," मी म्हटलं.

"वाटेत कुणाचा घोडा लंगडला तर?"

"दोन वर्षांत एका तरी घोड्याचा पाय हातात धरलास का?"

तो टायरमधली हवा बघायला गेला. चारही टायरांची बघितली, मग ट्रेलरच्याही चाकांपाशी बसला. माझं डोकं फिरलं. मी ओरडलेच, "बायको हवी की ऐरण, ते एकदा ठरव!"

लेसियाला आम्ही ओसरीवर साध्या खुर्चीत बसवलं होतं. ती तिथूनच म्हणाली, "बॅटरीची खुर्ची ठेवू घरी. ढकलायची घेऊ, ती हलकी आहे. मला चालेल."

जेवणात मीठ कमी असलं तरी चालेल, असं कुणी म्हणावं तसं म्हणाली. मला रडू आलं आणि त्या माणसाचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

ओरेस्ट उठला. हात पँटला पुसत म्हणाला, "मला ती उचलवत नाही."

त्याने हौद्यातल्या ऐरणीकडे बोट केलं.

"दोन वर्षांपूर्वी शेवटची चढवली. कमरेत असं काही झालं की... तेव्हाच कळलं, आता खाली ठेवली तर पुन्हा वर जाणार नाही. म्हणून ठेवलीच नाही."

"मला माहीत आहे," लेसिया म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून हौदा दिसतो, ओरेस्ट. तिच्यावर बर्फ पडायचा, वितळायचा. ती जागची हलली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"माझे पाय चालत नाहीत हे तू तरी किती दिवस बोलला नाहीस?"

मी शेजारच्या पोरांना बोलवू का विचारलं, तर त्याचा चेहरा उतरला.

"कुणी नको," लेसिया म्हणाली. "माझी खुर्ची खाली घ्या. आणि दोर आण."

फाळका उघडून आम्ही ॲल्युमिनियमची फळी लावली, खुर्ची उतरवली, तिला तीत बसवलं. ओरेस्टने दोराचं एक टोक ऐरणीला बांधलं, दुसरं खुर्चीच्या पाठीला, आणि हौद्यात चढून पहार घेतली. लेसियाने खटका पुढे दाबला. दोर ताणला. चाकं गवतात जागच्या जागी फिरली. ओरेस्टने पहारेने कड उचलली, आणि ऐरण फळीवरून किंचाळत खाली आली ती गवतात रुतून बसली.

"ओढते की!" लेसिया ओरडली. जत्रेत हसली होती तशी हसत होती. ओरेस्ट मात्र हौद्यात पहार धरून कितीतरी वेळ उभा होता. मी दुसरीकडे बघितलं.

मग त्याच फळीवरून खुर्ची वर गेली. दुसऱ्या दिवशी ती दोघं निघाली.

परत आल्यावर ओरेस्ट ऐरणीवर बसून बूट काढत होता. मी विचारलं, "काय रे, गेली का ती धक्क्यावर?"

"रोज. अंधारातच उठायची. मला वाटतं तिला वाटायचं मी झोपलोय." त्याने दुसरा बूट काढला. "खुर्चीचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकायचो. पण उठलो नाही, दारिया. एकदाही उठलो नाही."