पांढरा उजेड, पिवळा उजेड

फ्लेक्सच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. फ्लेक्स कापला की कडेच्या पट्ट्या खाली पडतात आणि दिवसभर पायात येतात, तसेच हे किस्से. झाडू मारला तरी निम्मे चपलेला चिकटून घरी येतात. बायको दारातच अडवते, "आधी बाहेर झटका, मग आत या!"

मी पेंटर. सातवी नापास, पण एकेकाळी कारंजा गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. चुकलेल्या वेलांट्यांसकट! मग फ्लेक्स आला आणि माझा ब्रश वाळला. लोकांना वाटलं, बबनकाका आता रडत बसणार. मी काय केलं? ज्या फ्लेक्सनं माझा धंदा खाल्ला, त्याच्याच दुकानात खुर्ची टाकली. तेव्हापासून रोजचा चहा तिथंच वसूल करतो.

दुकान विनूचं. वय तिशीला टेकलेलं. पुण्याची नोकरी सोडून आला आणि इथं कॉम्प्युटर मांडून बसला. त्याचं मन मंगरूळपीरच्या पल्लवीवर, पल्लवीचंही त्याच्यावर. अडचण एकच, पल्लवीचे वडील! दादाराव बाजारातले अडते. मूठभर तूर तळहातावर घेतली की अख्ख्या पोत्याची जात सांगणार. त्यांनी विनूला एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "दिवाळीलोक पाह्यतो. दुकानाचं नाव झालं तर बोलू. नाही तर माही पोरगी काही फ्लेक्स नेसून बसत नाही!"

म्हणजे विनूला दिवाळीच्या आत नाव करायचं होतं. नाव कशानं करावं या विचारात असताना त्याला उजेड सापडला.

* * *

मोबाइलवर कोणी एक हिंदीवाला शिकवायचा. फोटोतला माणूस कापून वेगळा करायचा, त्याच्या मागं एक थर टाकायचा. विनू त्याला लेअर म्हणतो. त्या लेअरमध्ये उजेड भरायचा, कडा धूसर करायच्या. झालं! माणसाच्या डोक्यामागून सूर्य निघतो. याचं नाव ग्लो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली बशी कलंडली. चाळीस वर्षं मी ब्रशनं उजेड काढून पाहिला, तो दर वेळी पिवळ्या भोपळ्यासारखा दिसायचा. अन् हे पोट्टं एका बोटानं सूर्य काढून राह्यलं!

विनूला इतका आनंद झाला की दिसेल त्याला ग्लो मारायला लागला. एका शेतकऱ्याच्या पासपोर्ट फोटोलाही मारला. तो बिचारा फोटो अर्जाला चिकटवून एका कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा उजेड कुठून येऊन राह्यला?"

"साहेब, मी उन्हात उभा होतो."

"ऊन तुमच्या कानामागून निघते का?"

साहेबांनी अर्ज परत सरकवला, "दुसरा फोटो आना. आमाले माणूस पाह्यजे, अवतार नाही!"

* * *

मग एका मुलाचा लग्नाचा बायोडाटा आला. मुलगा चांगला, कमावता. रंगानं आपल्या मातीचा. विनूनं त्याच्या चेहऱ्यावर असा ग्लो सोडला की नाक शोधावं लागत होतं. मुलाची आई खूश. बायोडाटा मूर्तिजापूरला गेला आणि आठ दिवसांत मुलीकडचे पाहुणे हजर!

मी शेजारधर्म म्हणून तिथं बसलो होतो. खरं तर मजा पाहायला. मुलगा पाण्याचा ट्रे घेऊन आला. पाहुण्यांनी पाणी घेतलं, पेले ठेवले आणि विचारलं, "मग, मुलाले बोलवा ना बाहेर."

मुलगा ट्रे घेऊन तसाच उभा!

"हाच हाय," मी म्हणालो.

पाहुण्यांनी बायोडाटा काढला. एकदा फोटो पाहिला, एकदा मुलगा पाहिला. शेवटी मुलाच्या आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "आज लाइट गेली हाय ना, म्हून!"

* * *

आमच्या गल्लीत एक जैन शेठजी आहेत, किराणा मालाचे. माणूस मोठा सरळ. त्यांनी गुळाचा बॅनर करून घेतला. विनूनं ढेपेतून सोनेरी किरणं काढली. रस्त्यावरचा माणूस थांबून हात जोडायचा, असा तो गूळ!

तिसऱ्या दिवशी शेठजी दुकानात. कपाळावर घाम.

"विनू, बॅनर उतरव."

"काहून शेठजी? गिऱ्हाईक येत नाही का?"

"येतं ना! तेच तर दुखणं आहे. मी गूळ दाखवतो तर म्हणतं, हा नको, तो बाहेरचा द्या!"

* * *

आता माझ्या हातून झालेला घोटाळा सांगतो. कान इकडं करा.

एक दिवस दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. एकाला वाढदिवसाचा बॅनर पाहिजे, दुसऱ्याला श्रद्धांजलीचा. विनू आत मशीनवर. वाढदिवसवाल्यानं मला विचारलं, "काका, हा उजेड पांढरा चांगला दिसते का पिवळा?"

तोंड गंभीर करायला मला काही लागत नाही. मी म्हणालो, "अरे, ते काय आपल्या मनावर हाय? पिवळा जित्या माणसाचा, पांढरा मेलेल्याचा. शास्त्र हाय ते."

दोघांनीही माना डोलावल्या. मी मनातल्या मनात लोळून हसलो आणि विसरूनही गेलो.

महिनाभरानं एक पुढारी आला. आवाजच एवढा मोठा की बाजूच्या दुकानातला टेलर सुई ठेवून पाहायला आला. "माह्या बॅनरवर नीट ध्यान द्याचं! जित्याचा लाइट लावजो! मागच्या खेपेले दुसऱ्या गावच्या दुकानदारानं मेलेल्याचा लावला, अन् माह्या सासऱ्यानं टोपी काढली!"

मी विनूकडं पाहिलं, विनूनं माझ्याकडं. माझं शास्त्र तालुकाभर लागू झालं होतं! तेव्हापासून वाढदिवसाला पिवळा, श्रद्धांजलीला पांढरा. विनू म्हणायचा, "काका, एक दिवस हे अंगावर येईन." मी म्हणायचो, "येऊ दे. अंगात बनियन हाय."

* * *

मधेच धनजच्या शांताबाई आठवल्या. त्यांचे मालक वारले. तेरवीला ठेवायला फोटो पाहिजे होता आणि घरात फोटो एकच, मतदान कार्डावरचा, अंगठ्याएवढा. विनू दोन दिवस त्या अंगठ्याशी झुंजला. डोळे नीट केले, मिशी बसवली, मागं पांढरा शुभ्र उजेड सोडला. मला स्वतःला वाटलं, असा फोटो होणार असेल तर मरायला हरकत नाही.

शांताबाई आल्या, स्क्रीनसमोर बसल्या. मग म्हणाल्या, "सारं चांगलं केलं रे बाप्पा. पन थो मांगचा लाइट बंद कर."

विनू दचकला. "काहून आजी? पसंत नाही पडला?"

"पसंत हाय. पन उजेडात झोप येत नाही त्याईले."

स्क्रीनवर लेअरच्या बाजूला एक छोटा डोळा काढलेला असतो. विनूनं त्यावर क्लिक केलं. डोळा मिटला, उजेड गेला. बाई म्हणाल्या, "हां. आता हायेत ते."

* * *

आणि आता दादाराव.

दिवाळी तोंडावर आली होती. दादारावांची साठी आली. बाजारातल्या दोस्तांनी ठरवलं, मोठा बॅनर लावायचा. आणि काम कोणाला दिलं? विनूला! विनूच्या तोंडचं पाणी पळालं. हा बॅनर जमला तर पल्लवी, बिघडला तर सगळंच बिघडलं.

फोटो आला. दादारावांच्या डोक्यावर पिवळाधमक फेटा! विनूनं शिस्तीत पिवळा उजेड टाकला, तर फेटा उजेडात विरघळला. डोकं कुठं संपतं तेच कळेना. केशरी टाकून पाहिला, तर डोक्याला आग लागल्यासारखी दिसली. मग रंग जुळवायच्या नादात शास्त्र विसरून त्यानं पांढरा टाकला. अहाहा! फेटा उठला, मिशी उठली, माणूस देवळातून बाहेर आल्यासारखा दिसायला लागला.

"काका, कसा हाय?"

मी पाहिलं. पांढरा! जिभेच्या टोकावर आलं होतं सांगायचं. पण माझ्यातला जुना भामटा म्हणाला, बबन, गप बस, मजा येईल. मी म्हणालो, "फस्क्लास!"

बॅनर सकाळी सकाळी मंगरूळपीरच्या चौकात लागला. "साठीनिमित्त हार्दिक शुभेच्छा" ही ओळ होती खाली. आणि खाली होती रसवंतीची ताडपत्री. ओळ गेली ताडपत्रीमागं. वर उरले दादाराव आणि तो उजेड!

दादाराव पहाटेच शेतात गेलेले. फोन घरी चार्जिंगला. पल्लवी आणि तिची आई कारंज्याला देवदर्शनाला आलेल्या. घराला कुलूप, अंगणात माणसं! पहिले दोघं आले, मग दहा, मग अख्खा बाजार. कुलूप पाहून लोकांना वाटलं, दवाखान्यातून आणायचे असतील. बायांनी ओसरीवर बसून सूर धरला.

दहाच्या सुमारास दादाराव मोटारसायकलवर परत आले. उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधलेला, नुसते डोळे उघडे. दारात गर्दी पाहून त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी तशीच आडवी टाकली आणि समोरच्या माणसाला धरलं, "कोन गेलं रे?"

त्या माणसानं मान वर न करता त्यांना छातीशी घेतलं. "दादाराव गेले, भाऊ!"

"असे कसे गेले? सकाळी तं चांगले होते!"

"माणसाचं काय खरं हाय, भाऊ. रडा, मोकळे व्हा."

दादारावांनी दुपट्टा सोडला. ओसरीवर जी किंकाळी उठली, ती म्हणे बसस्टँडपर्यंत ऐकू गेली! दोन बाया पळाल्या, एक जागेवर कोसळली, आणि भजनी मंडळाचा टाळकरी भिंतीवरून पलीकडं उडी मारून गेला. वय त्याचं पासष्ट!

पल्लवीचा विनूला फोन आला तेव्हा मी समोरच होतो. तिनं सगळा गोंधळ सांगितला आणि म्हणाली, "तिकडं जाऊ नोको. बाबा बॅनर सोडून घेऊन कारंज्याले येऊन राह्यले." विनूचा चेहरा असा पांढरा पडला की मागं लेअर टाकायची गरज नव्हती. आणि मी? आयुष्यात पहिल्यांदा माझा चहा कपात गार झाला.

दुपारी दादाराव दुकानात शिरले. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. तो त्यांनी टेबलावर आपटला. विनू उभा राहिला, मी त्याच्याआधी उभा राहिलो.

"दादाराव, याच्यात पोट्ट्याची चूक नाही. ते पांढऱ्या-पिवळ्याचं शास्त्र मी काढलं. अन् बॅनर पाहून गप बसलो तोबी मीच. काय बोलाचं ते मले बोला."

"तुमी बसा, पेंटर."

मी बसलो. असा बसलो की खुर्चीच वाजली.

दादारावांनी विनूकडं पाहिलं. मूठभर तूर पाहावी तसं. मग सावकाश बोलायला लागले, "शेताच्या धुऱ्यावरून भांडलेला माहा चुलतभाऊ आला. सात वर्सं बोलला नोहोता, ओसरीवर डोकं आपटून रडला. बाजारातले हमाल आले. ज्याचा माल मी दोनदा वापस केला, थोबी हार घेऊन आला. दर्ग्याजवळचा चहावाला दुकान टाकून आला. सारं मंगरूळ आलं माह्या दारात."

विनू टेबलामागून पुढं आला. "दादा, मी... माह्या हातून..."

"थांब, माहं संपलं नाही. सारे आले. मी एकेकाचं तोंड पाह्यलं." दादारावांनी विनूकडं बोट केलं आणि आवाज चढवला, "एकटा माहा जावई तेवढा नाही आला!"