तीन मिनिटांत एकशे सहा फेरे

गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी, जळगावच्या मेहरूण भागातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, नववीतल्या एका मुलीने डीजेच्या टर्नटेबलवरच्या तबकडीचे तीन मिनिटांत एकशे सहा फेरे मोजले. पुस्तकाप्रमाणे ते शंभर भरायला हवे होते.

मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा पानाचं काम पाहत होतो. दर शनिवारी पाच मुलांसाठी भरणाऱ्या तिथल्या विज्ञानाच्या जादा वर्गावर छोटी बातमी करायची म्हणून तीन शनिवार तिथे गेलो. एकशे सहाचा शनिवार तिसरा.

वर्ग घेणाऱ्या बाई विज्ञान शिकवत. टर्नटेबल त्यांचं नव्हतं. ते लग्नांत डीजे वाजवणाऱ्या, मूळच्या धुळ्याच्या एका गृहस्थांचं होतं. मुलं त्यांना भाऊ म्हणत. त्यांचं काम आता लॅपटॉपवर चाले, टर्नटेबल गाडीत नुसतं मिरवायला असे. बाईंनी मागितलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. वेग कमीजास्त करायची जी सरकपट्टी असते तिच्या शेजारी त्यांनी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती. पट्टी त्या रेघेवरच ठेवायची, हलवायची नाही. मूळचे आकडे बोटं लागून लागून केव्हाच पुसले गेले होते.

पहिल्या शनिवारी बाईंनी स्पीकरची वायर काढून ठेवली. जाड कागदाचा कोन केला, टोकात टाचणी खोवली आणि ती फिरत्या जुन्या तबकडीवर टेकवली. कोनातून गाणं आलं, बारीक पण स्पष्ट. एक मुलगा वाकून टेबलाखाली पाहून आला.

"मॅडम, वायर कुठंय?"

"मोटरला आहे. आवाजाला नाही."

"मग भूत शे!" मागून कोणीतरी म्हणालं.

भूत कुठे बसलंय ते बाईंनी भिंगातून दाखवलं. तबकडीवरची खाच सरळ नव्हती, नागमोडी होती. टाचणी त्या वळणांवर थरथरते, टाचणीमुळे कागद थरथरतो, कागदामुळे हवा. पाच मुलांनी आळीपाळीने भिंग घेतलं. नववीतली ती मुलगी शेवटी होती आणि भिंग तिने सर्वांत उशिरा परत केलं.

दुसऱ्या शनिवारी कोडिंग होतं. तबकडीच्या कडेला पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी लावली, समोर प्रकाश ओळखणारा सेन्सर. पट्टी समोरून गेली की प्रोग्रामने एक मोजायचा. बाईंनी फळ्यावर लिहिलं: मोजणी = मोजणी + १.

"हे चुकलं," ती मुलगी म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या नाहीत."

"हे समीकरण नाही. हुकूम आहे. जुन्या मोजणीत एक मिळव आणि तिलाच नवी मोजणी म्हण."

"मग तिथं बाण काढा ना, मॅडम. बरोबर या खुणेनं फसायला होतं."

बाईंनी बाण काढला. ही मुलगी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली, शहरातल्या वसतिगृहात राहणारी. वसतिगृहात संगणक नव्हता. शाळेत होते, पण एकेका संगणकापुढे चार-चार मुलं बसत. धुळ्याच्या एका महाविद्यालयात पंधरा दिवसांचं शिबिर भरणार होतं आणि तिथे प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळणार होता. शाळेतून एकालाच पाठवायचं होतं. तिसऱ्या शनिवारी धुळ्याहून एक निवृत्त प्राध्यापक येऊन पाचही वह्या तपासणार आणि नाव ठरवणार होते. विषय ठरलेला होता: तबकडीचा वेग मोजा. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एकतृतीयांश फेरे, म्हणजे तीन मिनिटांत शंभर.

त्या शनिवारी मी तासभर आधी पोहोचलो. मुलीची मोजणी चालू होती. बाईंनी घड्याळ माझ्या हातात दिलं. तीन मिनिटांनी स्क्रीनवर आकडा आला: १०६.

"सेन्सर पट्टी दोनदा मोजत असेल," बाई म्हणाल्या.

"दोनदा मोजली असती तर दोनशे आले असते, मॅडम. सहाच कसे वाढतील?"

"मधूनच मोजत असेल."

मुलीने दप्तरातून चिंचोक्यांची पिशवी काढली, दोन वाट्या मांडल्या. सेन्सर बंद केला. पांढरी पट्टी समोरून गेली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मी पुन्हा घड्याळ धरलं. नंतर चिंचोके आम्ही तिघांनी वेगवेगळे मोजले. एकशे सहा.

तोवर बाकीचे चौघे आले होते. त्यांच्या वह्यांत शंभर लिहिलेले होते.

"शंभर कर गं," त्यांतली एक मुलगी तिला म्हणाली. "सर कुठं मोजायला बसणारेत? उगाच धुळं जाईल हातचं."

"आले नाहीत तर लिहू कसे?"

"आमचे आले ना!"

बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या वहीत काय लिहायचं ते तू ठरव. तपासताना मी मध्ये बोलणार नाही." मुलीने शाईने १०६ लिहिले. खाली आणखी एक ओळ लिहिली: तबकडीखालच्या थाळीच्या कडेचे ठिपके टर्नटेबलच्या लाल दिव्याखाली स्थिर दिसत नाहीत, पुढे सरकतात. कारण माहीत नाही.

प्राध्यापक अकराला आले. वह्या क्रमाने पाहिल्या. शंभर, शंभर, शंभर, शंभर. पाचव्या वहीवर थांबले आणि चष्मा वर केला.

"एकशे सहा? यंत्र खोटं बोलतं की तू?"

"माहीत नाही, सर. तुम्ही मोजा."

बाईंनी बोलणार नाही म्हटलं होतं, त्या बोलल्या नाहीत. प्राध्यापकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि तीन मिनिटं ओठ हलवत मोजलं; एकशे सहाच भरले. मग वहीतली ठिपक्यांची ओळ पुन्हा वाचली आणि टर्नटेबलच्या कडेवर वाकले.

"हे ठिपके पुढे पळतात," ते म्हणाले. "वेग बरोबर असता तर जागच्या जागी दिसले असते. वेगाची सरकपट्टी कुठे ठेवली आहे?"

"रेघेवर, सर. भाऊंनी सांगितलंय हलवायची नाही."

भाऊ दारातच होते. दुपारी पाचोऱ्याला लग्न होतं, टर्नटेबल न्यायला आले होते. प्राध्यापकांनी त्यांना विचारलं, ही रेघ कशाची.

"वरातनी," भाऊ अहिराणीत म्हणाले. "तेहतीसवर कोन नाचस, सर? आपली वरातमा बठ्ठं जरा पुढेच चालस. इतली वरीस तठेच ठेवी राहिनू, म्हनीसन खूण करी." वरातीत सगळं जरा जोरातच चालतं, वर्षानुवर्षं पट्टी तिथेच असते, म्हणून ती खूण. बोलता बोलता ते थांबले. पट्टीकडे पाहिलं, मग मुलीकडे. "म्हंजे चूक मनी शे. पोरनी नही."

त्यांनी स्वतःच पट्टी मधोमध आणली. कडेचे ठिपके सरकायचे थांबले. मुलीने सेन्सर चालू केला. या वेळी घड्याळ भाऊंनी धरलं, आणि त्या तीन मिनिटांत त्यांनी पाचोऱ्याहून आलेले दोन फोन कापले. स्क्रीनवर आकडा आला: १००.

प्राध्यापकांनी उरलेल्या चार वह्या पुढे ओढल्या.

"पट्टी आता हलली. मग तुमचे आधीच शंभर कसे आले?"

टेबलाखाली वायर शोधणारा मुलगा म्हणाला, "नेटवर होतं, सर."

प्राध्यापक हसले नाहीत. चौघांना त्यांनी पुढच्या शनिवारी पुन्हा मोजायला सांगितलं. मुलीच्या वहीत 'कारण माहीत नाही' या शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारली आणि समासात 'उत्तम' लिहिलं. बातमीदारीच्या इतक्या वर्षांत पडताळून पाहिलेला आकडा इतक्या शांतपणे धरून ठेवणारी माणसं मला फार थोडी भेटली. त्यांतली बहुतेक माझ्या पेशातली नव्हती.

भाऊंनी टर्नटेबल उचलायच्या आधी मुलीला विचारलं, मधली जागा नेमकी कुठली. तिने पेन्सिलीने खूण केली. तिथे त्यांनी दुसरी रेघ ओढली.

"आते दोन रेघा," ते म्हणाले. "एक वरातनी, एक शाळानी."

सोमवारी शाळेच्या फलकावर नाव लागलं. ते तिचंच होतं. वसतिगृहाच्या परवानगीच्या अर्जावर तिच्या वडिलांची सही हवी होती. ते बुधवारी गावाहून आले आणि सही करून संध्याकाळच्या बसने परतले. शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी ती बाईंबरोबर धुळ्याच्या बसमध्ये बसली. दुपारी बाईंचा फोन आला: नोंदणी झाली, तिला खिडकीजवळचा संगणक मिळाला आहे.