हमीदभाईंची वही

दारव्ह्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हमीदभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते स्वतःच्याच हातांवर बसले होते. खरंच सांगते! दोन्ही तळहात मांड्यांखाली, गालात सुपारीचं खांड, आणि नजर समोरच्या माणसावर. तो माणूस बांगड्या विकणारा, जन्मात कॉम्प्युटरला हात न लावलेला. एका वहीत वाचत वाचत तो मशीनमध्ये मेमरीची पट्टी बसवत होता, आणि ती उलटी लागत होती. मला राहवलं नाही. "अहो, फिरवा ना ती!" म्हटलं.

हमीदभाईंनी सुपारी बाहेर काढली. "ताई, गप ऱ्हा ना बाप्पा! माह्यं तोंड बंद ऱ्हावं म्हनून मी सुपारी धरून राह्यलो, अन् तुमीच बोलून राह्यल्या!" मग वहीतली ती ओळ खोडून त्यांनी नवी लिहिली: 'आधी पट्टीची खाच पाहा.'

हमीदभाई आधी जिनिंगमध्ये मेकॅनिक होते. कापसाचे वाईट दिवस आले, जिनिंगला कुलूप लागलं, तेव्हा ते कॉम्प्युटरकडे वळले. डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली आणि ठरवलं, आपल्या लोकांसाठी मराठीत एक वही लिहायची. डबा उघडण्यापासून ते कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवण्यापर्यंत, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगपर्यंत, सगळं. लिहिण्याआधी चादर अंथरून स्क्रू, पट्ट्या, केबल ज्या क्रमानं लागतील त्या क्रमानं मांडायचे. मग लिहायचे. मग रस्त्यावरून कुणीतरी अडाणी गिऱ्हाईक धरून आणायचे. पोस्टमन, चांभार, एकदा तर नवरदेवाच्या वरातीतला बँडवाला. "मी बाजूले असलो त कोनालेई जमते," ते म्हणत. "मी नसतानी जमलं, त लिवलं म्हना."

माझा टायपिंगचा क्लास होता. त्यात मी सहा जुने कॉम्प्युटर टाकले होते आणि मोठ्या खटपटीनं परीक्षेचं केंद्र मिळवलं होतं. आसपासच्या खेड्यांतल्या चाळीसेक मुली जीपनं यायच्या. एके दिवशी पत्र आलं: मे महिन्यात तपासणी, सहाही मशिनींवर नवा प्रोग्रॅम चालला पाहिजे, नाहीतर केंद्र बंद. माझ्या मशिनी त्या प्रोग्रॅमपुढे अक्षरशः रांगत होत्या. नव्या घेणं त्या दिवसांत माझ्या बापाच्यानंही झालं नसतं.

मी हमीदभाईंकडे धावले. म्हटलं, पळवून द्या. त्यांनी माझ्या हातात वही ठेवली. "तुमीच पळवा."

मला असा राग आला! पण करते काय? वहीत पाहून एकेक मशीन उघडली. मदरबोर्डवरच्या मुगाएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या, त्यांना जंपर म्हणतात, त्यांची जागा बदलायची. 'एक पायरी चढा. अर्धा तास थांबा. मग दुसरी.' चौथ्या दिवशी सहाही मशिनी पळू लागल्या, आणि मीही हवेत.

पण वही लिहिली होती पौषात, आणि मी वापरत होते मेमध्ये. दुपारी एक मशीन तापून आपोआप बंद पडायला लागली. वहीत लिहिलं होतं, 'प्रोसेसर थंड ठेवा.' मी काय केलं असेल? उन्हातून आलेल्या पाहुण्याला बसवतात तसा तो उघडा डबा थेट कूलरसमोर बसवला. पाण्याचे तुषार आत गेले, चट् आवाज आला आणि मशीन मेली. तपासणीला चार दिवस उरले होते.

मी हमीदभाईंकडे डबा नेला आणि चक्क खोटं बोलले. "अचानक बंद पडली." त्यांनी बोर्डावरचे पाण्याचे डाग पाहिले. "कूलर किती हात लांब होता?"

"माझं केंद्र जाऊन राहिलं अन् तुम्ही हात मोजता?" मी ओरडलेच.

"तसं नाई, ताई. मले समजून घ्याचं हाय. वहीत काय लिवलं होतं?"

"थंड ठेवा."

"मंग तुमी थंडच ठेवलं. आपल्या इकडं थंड म्हनलं का मानूस कूलरच पाह्यते. चूक माही हाय." आणि तिथल्या तिथे त्यांनी नवं पान लिहिलं: उन्हाळ्यात वेग एक पायरी खाली, डबा बंद, बाजूनं कोरडा पंखा, कूलरचं तोंड दुसरीकडे. मग स्वतःच्या टेबलावरची मशीन सोडवली आणि माझ्या हवाली केली. "ही न्या. मले काय घाई हाय?"

तपासणीवाले नेमके भर दुपारी दोनला आले. सहाही मशिनी चालल्या. "इंजिनिअर कोण?" त्यांनी विचारलं. "मीच!" मी ठसक्यात म्हणाले.

पुढे दोनदा मी मशीन परत न्या म्हटलं. खरं सांगायचं तर अर्ध्या मनानं. "पोरी शिकून राह्यल्या, ऱ्हाऊ द्या," ते म्हणायचे. मग त्यांनी मोबाईल दुरुस्ती सुरू केली. वहीचं विचारलं की म्हणत, "चालू हाय." हृदयविकारानं गेले, तेव्हा साठीही झाली नव्हती.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्यांच्या पत्नी शमीमभाभींनी वही माझ्यापुढे ठेवली. शेवटचं लिहिलेलं पान कूलरचं. पुढे अकरा प्रकरणांची नुसती नावं, खाली कोरं.

"भाभी, पुढचं काहून लिहिलं नाही त्यांनी?"

"मशीन कुठं होती? सोताची एकच त होती. करून पाह्यल्याबिगर लिवनं म्हनजे झूट, म्हनत."

"मग मला मागायची ना!"

"म्या म्हनलं होतं. त म्हने, वही थांबते त थांबू दे, पोरी कायले थांबवाव्या?"

मला तिथंच रडू फुटलं. इतकी वर्षं मी गावभर सांगत होते, की केंद्र मी वाचवलं.