चार वाक्यांचं बळ

रोह्याच्या बाजारात माझं कडधान्याचं दुकान आहे. रस्त्याच्या कडेला टोपलीत वाल घेऊन बसत होते, तिथून पुढचं सगळं मी स्वतः उभं केलं. वजनही त्याच काळात वाढलं. एका लग्नात प्लास्टिकची खुर्ची माझ्याखाली मोडली, तेव्हा मी वेल्डरकडून रुंद लोखंडी खुर्ची करून घेतली. दुकानात तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे.

गुडघे अगदीच बोलायला लागले तेव्हा पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घेतली आणि विश्रांतीला पेणला बहिणीकडे राहिले. रोह्याजवळच्या वरसेतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिचं तळमजल्यावर. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, म्हणून दुकान धाकट्या जावेकडे सोपवलं.

माझ्या ताकदीचा मला गर्व होता. आता वेणी घालताना मध्येच हात खाली घ्यावे लागत. एक दिवस बरं वाटलं म्हणून बहिणीबरोबर पापड लाटायला बसले, तर पुढचे दोन दिवस पडून काढले. दुकानात परत बसण्याइतकं बळ येणार की नाही, हा घोर लागला. आहारतज्ज्ञ बाई सांगत, थोडं थोडं पण वेळेवर खा, डाळ-पनीर चुकवू नका, पाणी घोट घोट प्या. मी फोनवर घासाघीस केली, "सकाळची प्रोटीन पावडर सोडते, दुपारी जास्त घेते." बाई जरासुद्धा उतरल्या नाहीत. अशी माणसं मला आवडतात, पण ते त्यांना सांगितलं नाही.

पाचव्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमची ती खुर्ची दिसली नाय दुकानात."

मी पर्स उचलली आणि एसटी पकडली. रागात खाण्याचा डबा घरीच राहिला. पेण ते नागोठणे, जावेला काय बोलायचं ते जुळवलं. नागोठण्यापासून रोह्यापर्यंत त्याला धार लावली.

दुकानाच्या तीन पायऱ्या चढले. "माझी खुर्ची कुणाला विचारून..." एवढं म्हटलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रागवायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. समोर लाल प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यात बसले. ती मोडली नाही.

जावेने स्वतःच्या डब्यातलं मुगाचं वरण पुढे केलं. "ताई, आधी हे घ्या, मग भांडा. खुर्ची मागे ठेवलीय. गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नव्हती."

मी चमचा चमचा घेत होते, तेवढ्यात आतल्या गावची एक म्हातारी शेतकरीण वालाचं पोतं घेऊन आली. जाऊ तिने सांगितलेला भाव कबूल करायच्या बेतात होती. एरवी मी तासभर झुंजले असते. त्या दिवशी माझ्याकडे चार वाक्यांचं बळ होतं, आणि ती जावेवर खर्चायची की वालावर, एवढंच ठरवायचं होतं.

वाल घेताना मी दाणा चावून बघते. पण मला अजून कडक काही चावायला मनाई होती.

"गो, दाणा चाव," मी जावेला म्हटलं. "कट्ट वाजला का?"

"नाय ताई. मऊ लागतो."

"म्हणजे ओला हाय मावशी, अजून दोन उन्हं द्या, मग भावाचं बोलू."

म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं. "अर्धी झालीस गो. पण जीभ व्हती तेवढीच हाय."

"जिभेचं ऑपरेशन नाय केलं."

ती हसली आणि भाव तिनेच खाली आणला. जावेवर खर्चायला काही उरलं नव्हतं. जावेनेच मला पेणच्या एसटीत बसवून दिलं.

मी पेणहून घरी परतल्यावर आमचं ठरलं. सकाळचे दोन तास मी, पुढे ती. दोनाचे चार झाले. मधल्या काळात एखादा दिवस पार झोपून गेला, तरी मी तो मोजायचं सोडून दिलं.

तिसऱ्या महिन्यात भंगारवाला दारात आला. मागची लोखंडी खुर्ची मीच ओढत पुढे आणली आणि भाव करायला लागले. तो दोनदा हातगाडी घेऊन निघाला, दोनदा परत आला. शेवटी मी सांगितलेल्या भावाने खुर्ची घेऊन गेला.

"ताई, एवढ्या वेळात माझं दळण झालं असतं," जाऊ म्हणाली. तेव्हा लक्षात आलं, मी मध्ये एकदाही बसले नव्हते.

पण ती खुर्ची मला न विचारता मागे टाकली, ते मी सोडलेलं नाही. महिन्यातून एकदा तरी जावेला पूर्ण ऐकवते. आता तेवढं बळ आहे.