अँटेना, साहेब आणि आमचे सासरे

आमच्या शाळेचा तंत्रप्रमुख मी एका प्रशिक्षणात झालो. चंद्रपूरला गेलो, चहा प्यालो आणि टीव्ही चालू-बंद करायला शिकलो. ऐंशीच्या दशकात जंगलातल्या मास्तराला एवढं तंत्र पुष्कळ झालं.

मुलांना धडे दाखवायला शाळेला टीव्ही मिळाला. पण पडद्यावर नुसत्या मुंग्या! तशात निरोप आला की साहेब पाहणीला येणार आणि चित्र दिसलं नाही तर संच दुसऱ्या गावाला जाणार. मुलं रोज केस विंचरून त्या मुंग्यांसमोर बसत.

पाहणीच्या दिवशी सकाळी सासरे मासोळ्या घेऊन लेकीकडे आले. तलावावर मासे धरणारा माणूस, बांबू हातात सहज पेलणारा. अँटेनाचा बांबू सरळ करायला मी त्यांना शाळेच्या कवेलूंच्या छपरावर चढवलं. (जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. मी तिचा पुरेपूर फायदा घेतला.) त्यांनी अँटेना हातात धरली आणि पडदा लख्ख झाला! सोडली की पुन्हा मुंग्या.

"जवाईबापू, उतरू का आता?"

"नाई मामाजी. तुमी हालले का चित्र गेलं."

तेवढ्यात साहेबांची जीप आलीच. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला होता. उभ्या उभ्या पाहून जाणारे साहेब खुर्चीत ऐसपैस बसले आणि चहा मागवला. बाहेर ऊन चढत होतं.

"पोरी, माह्या पायाले चटके बसून राह्यले," वरून सासऱ्यांनी लेकीला हाक दिली.

साहेब पडद्याकडे वाकले. "वा गुरुजी! टीव्हीवर चक्क आपल्या झाडीपट्टीची बोली. शेतकऱ्याचं दुःख किती खरं वाटतं."

"हो साहेब," मी म्हणालो.

माझी बायको दारातच उभी होती. "बाबाले काऊन चढवलं तुमी?" तिनं हळूच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ओलं पोतं घेऊन शिडीकडे गेली. संध्याकाळी मासोळ्यांचा रस्सा मला मिळणार नाही, हे तिच्या चालीवरूनच कळलं.

निघताना साहेबांनी माझी पाठ थोपटली. "संच इथंच राहील. असं चित्र माझ्या घरीही येत नाही. आता तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे टीव्ही तुम्हीच बसवा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण तालुक्यात शाळा पुष्कळ, आणि सासरा मला एकच!